फीचा पैसा कोणाच्या खात्यात? महाडीबीटीच्या अर्जामागची पार्श्वभूमी

बारावीनंतर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, भरायचा अर्ज वरून एकच दिसतो. त्याच्या पोटात मात्र वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या कारणांनी आलेल्या योजना आहेत, आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

यातली सर्वांत जुनी म्हणजे अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती. ती १९४४ची, स्वातंत्र्याच्याही आधीची. १९४८ला अनुसूचित जमातींनाही ती लागू झाली. ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, सवलत १९५९ची. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी तेव्हा माफ झाली. त्या काळी फीच थोडी होती आणि कॉलेजेही बहुतांशी सरकारी किंवा अनुदानित. फी माफ करणे म्हणजे सरकारने या खिशातले त्या खिशात ठेवण्यासारखे होते.

हे गणित १९८३ नंतर मोडले. राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली आणि फी हेच कॉलेजचे मुख्य उत्पन्न झाले. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी विभागणी घालून दिली. पेमेंट सीटवाल्याच्या पैशातून फ्री सीटवाला शिकायचा. २००२मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती व्यवस्था रद्द ठरवली. तिथून पुढे प्रत्येक कॉलेजची फी त्याच्या खर्चावर ठरू लागली, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांची फी सरकारने कॉलेजला भरून द्यायची, म्हणजे शुल्क प्रतिपूर्ती, हाच मार्ग उरला. आपण आजही सगळ्याला सरसकट ‘स्कॉलरशिप’ म्हणतो, पण त्यातली मोठी रक्कम ही प्रतिपूर्तीची असते. विद्यार्थ्याच्या हातात पडतो तो निर्वाह भत्ता, तोही ज्यांना लागू आहे त्यांनाच.

म्हणजे सरकारी पैसा विद्यार्थ्याच्या नावाने कॉलेजात जाऊ लागला. मग जे व्हायचे तेच झाले. वर्गात कधी न दिसलेल्या मुलांची नावे यादीत आली, एकाच मुलाच्या नावावर दोन ठिकाणी रक्कम उचलली गेली. चौकश्या लागल्या, विशेष पथक नेमले गेले. हल्लीच्या अर्जात आधार, बोटांचे ठसे किंवा ओटीपी, आधारशी जोडलेले बँक खाते, कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, अलॉटमेंट पत्र ही जी माळ आहे, तिची मुळे बऱ्याच अंशी या घोटाळ्यांत आहेत. घोटाळा संस्थांचा आणि पुरावे द्यायचे मुलाने, ही वाटणी कोणाला फारशी खटकलेली दिसत नाही.

२०१७मध्ये सगळ्या विभागांच्या योजना महाडीबीटी या एका पोर्टलवर आणल्या गेल्या. पहिले वर्ष वाईट गेले. सर्व्हर चालेना, अर्ज अर्ध्यात अडकू लागले आणि शेवटी ते पुन्हा कागदावर घ्यायची वेळ आली. पुढे पोर्टल सावरले, पण त्याची भाषा मुलांना वेगळी शिकावी लागली: अर्ज ‘सेंड बॅक’ होणे, कॉलेजच्या डेस्कवर पडून राहणे, मंजुरीनंतर रक्कम खात्यात यावी म्हणून पोर्टलवर व्हाउचर ‘रीडीम’ करणे. रीडीम करायचे असते हेच माहीत नसल्याने कित्येकांची रक्कम नुसती पडून राहिली.

खरा वाद पैसे कोणाच्या खात्यात जावेत याचा. निर्वाह भत्ता मुलाच्या खात्यात जावा, यावर कोणाचे दुमत नव्हते. भांडण फीच्या रकमेवरून. ती कॉलेजला दिली तर घोटाळ्याचे दार उघडे राहते आणि रक्कम येईपर्यंत कॉलेज मुलाकडून आगाऊ फी वसूल करते. मुलाला दिली तर तो ती कॉलेजात भरत नाही, अशी संस्थाचालकांची तक्रार. राज्याने या बाबतीत एकापेक्षा जास्त वेळा भूमिका बदलली. २०२१च्या सुधारित केंद्रीय नियमांनी मुलाच्या बाजूने कौल दिला: केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जाईल आणि त्याने तो मिळाल्यापासून सात दिवसांत कॉलेजला भरावा. सोबत ‘फ्रीशिप कार्ड’ची कल्पनाही आली, म्हणजे प्रवेशाच्या वेळी फी मागायची नाही.

सात दिवसांचा हा नियम कागदावर सरळ आहे. प्रत्यक्षात रक्कम येते तेव्हा शैक्षणिक वर्ष संपत आलेले असते, कधी संपूनही गेलेले असते. घरात कोणी आजारी, उचल थकलेली, आणि खात्यात अचानक काही हजार रुपये. ते खर्च झाले की मूल ‘थकबाकीदार’ ठरते आणि त्याची टीसी किंवा मार्कशीट अडते. संस्थाचालकांची अडचण खोटी नाही, प्राध्यापकांचे पगार याच पैशांवर होतात. पण दिरंगाई सरकारची आणि कागद अडतात मुलाचे, हे समर्थन करण्यासारखे नाही.

दिरंगाईलाही इतिहास आहे. आधीच्या सूत्रानुसार पंचवार्षिक योजनेचा काळ संपताना जेवढा खर्च झालेला असे, तेवढा पुढे राज्याने स्वतः उचलायचा आणि त्यावरचा केंद्राने द्यायचा. राज्यांवरचा भार फुगत गेला, थकबाकी साचली. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या योजनेसाठी ६०:४० असे प्रमाण ठरवले आणि पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. अट अशी की राज्याने आधी आपले ४० टक्के द्यायचे, मग केंद्राचे ६०. एका अर्जाची रक्कम त्यामुळे दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या तारखांना येऊ लागली.

उत्पन्न मर्यादेची कथा याहून राजकीय आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ती २०१३पासून अडीच लाखांवर आहे. ईबीसीची मर्यादा मात्र २०१६च्या मराठा मोर्चांच्या काळात एक लाखावरून सहा लाखांवर गेली आणि पुढे आठ लाखांवर. त्याच सुमारास योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. सवलत निम्म्या शिक्षण शुल्काची आणि कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. मोर्चे निघाले नसते तर आकडा इतक्या लवकर हलला असता का, याचे उत्तर प्रत्येकाने आपापले द्यावे; अडीच लाखांची मर्यादा मात्र तिथेच राहिली.

ताजी भर जुलै २०२४ची. विधानसभा निवडणूक तोंडावर असताना व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क निम्म्याऐवजी पूर्ण भरायचे ठरले. वाढीव बोजा सुमारे ९०६ कोटींचा सांगितला गेला. अभिमत विद्यापीठे, खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि मॅनेजमेंट कोटा यातून वगळलेला आहे. वसतिगृह आणि खाणावळ यात येत नाही. या गटांत बसणाऱ्या एकाच घरातली बहीण आणि भाऊ एकाच कॉलेजात शिकत असतील, तर तिची फी पूर्ण भरली जाते आणि त्याची निम्मी.