ऊब आणि उजेड यांची फारकत: टोमॅटोचे रोप घरात वाढवताना

टोमॅटोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, अँडीज पर्वतरांगांच्या परिसरात आहे, आणि बागेत लावला जाणारा आजचा टोमॅटो कितीही बदललेला असला तरी थंडीशी त्याचे अजून जमलेले नाही. पाणी गोठेल इतका गारठा पडला तर तो मरतोच, पण त्याच्या बऱ्याच वर, साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली तापमान बराच काळ राहिले तरी त्याच्या पेशीपटलांचे काम बिघडू लागते, मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि वाढ थांबते. जिथे हिवाळा लांबतो आणि उन्हाळा आखूड असतो तिथे जमीन तापण्याची वाट पाहून बी थेट वाफ्यात पेरले, तर फळे रंगायच्या आत पुढची थंडी येऊन ठेपते. म्हणून गोठवणारी शेवटची रात्र अपेक्षित असते त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी बी घरात पेरायचे आणि तयार झालेले रोप बाहेर न्यायचे, हाच मार्ग उरतो.

बी सहसा व्यवस्थित उगवते. फसगत होते ती त्यानंतर. आठवड्याभरात हिरवे कोंब दिसतात, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांची उंच, फिकट, दोऱ्यासारखी बारीक रोपे होऊन ती खिडकीकडे माना टाकतात. दोष बियाण्याला किंवा मातीला दिला जातो, पण बहुतेक वेळा दोघेही निरपराध असतात. उघड्यावर ऊब आणि उजेड ही दोन्ही सूर्याकडूनच येत असल्याने ती ढोबळमानाने बरोबरीने वाढतात आणि बरोबरीने कमी होतात. उबवलेल्या घरात मात्र त्यांची फारकत झालेली असते: हवा वसंतातली आणि प्रकाश ऐन हिवाळ्यातला. घरातल्या रोपांच्या बहुतेक तक्रारी या विसंगतीतून निघतात, आणि तिच्यावरचा उपाय रोपाच्या वयानुसार बदलतो.

सुरुवातीला बियाला फक्त ऊब हवी असते. ओल पुरेशी असेल तर २५ ते ३० अंशांना टोमॅटो साधारण सहा दिवसांत मातीवर येतो, २० अंशांना आठवड्याहून थोडा अधिक वेळ लागतो, १५ अंशांना सुमारे दोन आठवडे, आणि १० अंशांना तर महिना उलटून जातो. ४० अंशांच्या आसपास उगवण बंदच पडते. या फरकाचे कारण बियाच्या रचनेत आहे. टोमॅटोचा गर्भ भ्रूणपोष या बियातल्या अन्न साठवणाऱ्या थराच्या आत गुंडाळून बसलेला असतो आणि मुळाच्या टोकावर या भ्रूणपोषाची एक चिवट टोपी असते. पाणी शोषल्यावर गर्भ जिबरेलिन हे संप्रेरक तयार करतो, त्याच्या सांगण्यावरून भ्रूणपोषात विकरे (एन्झाइम) बनतात, विकरे टोपीच्या पेशीभित्तिका विरघळवतात, आणि टोपी पुरेशी कमकुवत झाली की मूळ तिला भेदून बाहेर पडते. जिबरेलिन बनवता न येणारा टोमॅटोचा एक उत्परिवर्तित प्रकार संशोधकांना माहीत आहे. त्याचे बी पाणी पिऊनही उगवत नाही, मात्र ही टोपी हाताने कापून काढली तर त्याच बियातून मूळ बाहेर येते. विकरांचे काम तापमानावर अवलंबून असल्याने गारठलेल्या मातीत टोपी झिजायला आठवडे लागतात, आणि तोवर बुरशीला आयती संधी मिळते.

इथे हवेचे नव्हे, मातीचे तापमान मोजायचे असते. ओल्या मातीतून सतत बाष्पीभवन होत असल्याने ट्रेमधली माती खोलीच्या हवेपेक्षा थोडी थंडच राहते, आणि रात्री खिडकीच्या काचेला टेकलेला ट्रे तर फारच गार पडतो. बी सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरून, ट्रे झाकून, घरातल्या सर्वांत उबदार जागी किंवा ट्रेखाली ठेवायच्या विजेच्या गरम चटईवर ठेवावा. जागा अंधारी असली तरी बिघडत नाही.

पहिला कोंब दिसताच मात्र सगळे गणित उलटते. अंधारात वाढणारा कोंब आपण अजून मातीखालीच आहोत असे धरून चालतो आणि बियात साठवलेली सगळी शिदोरी लांबी वाढवण्यावर खर्च करतो. मातीतून वर येण्यासाठी ही युक्ती योग्यच आहे. प्रकाश पडल्यावर फायटोक्रोमसारखी प्रकाशग्राही प्रथिने लांबण्यावर लगाम घालतात आणि शक्ती पाने व हरितद्रव्य यांकडे वळवतात. उजेड अपुरा असेल तर हा लगाम सैल राहतो, आणि त्यातच हवा उबदार असेल तर लांबण्याचा वेग आणखी वाढतो. म्हणून झाकण आणि गरम चटई कोंब दिसल्या दिवशीच काढावी. अजून चार बिया उगवायच्या आहेत म्हणून थांबण्याचा मोह आवरावा, कारण लांबलेला कोंब पुन्हा आखूड होत नाही.

खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो तो डोळ्यांच्या लवचीकतेमुळे. उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी बाहेर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, तर ढगाळ हिवाळी दिवशी खिडकीपासून दोन मीटर आत तो हजार लक्सही नसतो. शंभरपट फरक असूनही दोन्हीकडे वाचता येते, कारण बाहुली आणि दृष्टिपटल स्वतःला जुळवून घेतात. पानाकडे अशी सोय नाही. जितके प्रकाशकण पडतील त्या हिशेबाने त्याला अन्न बनवावे लागते. सूर्याकडे तोंड असलेली, अडथळा नसलेली खिडकी कधी पुरते, कधी पुरत नाही. साधा पांढरा एलईडी दिवा रोपांच्या जवळ टांगणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे. जांभळ्या प्रकाशाचे खास दिवे घ्यावेत का, हा प्रश्न नेहमी निघतो. माझ्या मते रोपांपुरते तरी दिव्याच्या रंगापेक्षा त्याचे अंतर आणि चालू राहण्याचे तास कितीतरी महत्त्वाचे आहेत.

तासांनाही मर्यादा आहे. दिवसभरात मिळालेल्या एकूण प्रकाशाला महत्त्व असल्याने मंद दिवा चौदा ते सोळा तास लावून कमतरता बरीचशी भरून काढता येते. पण चोवीस तास दिवा लावला तर टोमॅटोची पाने पिवळी पडून डागाळतात. अनेक पिकांना अखंड उजेड चालतो, टोमॅटोला चालत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की काही रानटी टोमॅटोंना तो सोसतो, आणि या सहनशीलतेचा धागा प्रकाशसंश्लेषणातील प्रकाश टिपणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाशी जुळतो. लागवडीच्या टोमॅटोला मात्र रात्र द्यावीच लागते.

आता थोडी थंडीची बाजू. उगवल्यानंतर दिवसा १८ ते २१ आणि रात्री १५-१६ अंश तापमान ठेवले तर रोप आखूड, जाड आणि गडद हिरवे होते. पण फायदा एवढ्यावर थांबत नाही. पहिल्या फुलोऱ्याचा पाया रोप अगदी लहान असताना, बीजपत्रे, म्हणजे कोंबाची पहिली दोन पाने, उघडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत घातला जातो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात विटवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या काळात रोपांना साधारण १० ते १३ अंशांचा गारवा दिला, तर पहिला फुलोरा कमी पानांनंतर येतो आणि त्यात फुलेही अधिक असतात. अर्थात, खिडक्या उघडून रोपे कुडकुडवावीत असा याचा अर्थ नाही. हा गारवा मोजून द्यायचा असतो, त्यात वाढ मंदावते, आणि फुले घडत असताना गारठा अति झाला तर फळे वेडीवाकडी होतात. तरीही रोपांची खोली दिवाणखान्याइतकी उबदार ठेवण्याची गरज नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

गारव्यात पाने खालून जांभळी दिसू लागली तर खत घालण्याची घाई करू नये. थंड मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही आणि पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठते. बऱ्याचदा माती थोडी उबदार झाली की रंग आपोआप ओसरतो. याहून घातक म्हणजे रोपे कोलमडणे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे सूक्ष्मजीव मातीलगतचे कोवळे खोड कुजवतात आणि सकाळी ताठ असलेले रोप संध्याकाळी आडवे होते. त्यावर औषध शोधण्यापेक्षा निर्जंतुक माध्यम वापरावे, पाणी ट्रेच्या तळातून आणि बेताने द्यावे आणि हवा खेळती ठेवावी.

या खेळत्या हवेचा आणखी एक उपयोग आहे. वाऱ्याने किंवा स्पर्शाने हललेली रोपे बुटकी आणि जाड खोडाची होतात, आणि मार्क जॅफे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या परिणामाला शास्त्रीय नाव दिले. मंद पंखा लावावा, किंवा दिवसातून एक-दोनदा शेंड्यांवरून हलकेच हात फिरवावा. बागकामातले इतके सोपे आणि फुकटचे काम दुसरे क्वचितच असेल.

बाहेर नेण्यापूर्वीचा आठवडा, फार तर दहा दिवस, रोपाला काटक करण्यासाठी द्यावे लागतात. काचेतून अतिनील किरणांपैकी प्रखर भाग जवळजवळ येतच नाही आणि घरातल्या शांत, सौम्य हवेत वाढलेल्या पानाचा मेणचट थर पातळ राहतो, त्यामुळे एकदम उन्हात ठेवलेले पान पांढरे पडून करपते. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडा वेळ कोवळ्या उन्हात, असे वाढवत न्यावे आणि रात्री आत आणावे. माती १५ अंशांच्या पुढे गेली आणि रात्री १० अंशांच्या वर राहू लागल्या की रोप जमिनीत लावता येते. एवढे करूनही ते लांबुडके राहिले असेल तर खालची पाने खुडून खोड पहिल्या चांगल्या पानांपर्यंत मातीत पुरावे. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागावर नवी मुळे फुटतात. तळाची माती थंड असेल तर खोल खड्ड्याऐवजी उथळ चर खणून खोड त्यात आडवे निजवावे आणि फक्त शेंडा वर ठेवावा. दोन-तीन दिवसांत तो आपसूक प्रकाशाकडे वळून उभा राहतो.