मेवेदरने जोड निवडून घेतली का? एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचं नाव निघालं की सोलापुरातल्या जिममध्ये हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, ५० लढती, ५० विजय, विषय संपला. दुसरा म्हणतो, "निवडून निवडून खेळला, लका. पॅकियावला पाच वर्षं टाळलं." पॅकियाव म्हणजे त्याच काळातला फिलिपिनो चॅम्पियन मॅनी पॅकियाव. जोड निवडण्याचं हे भांडण मेवेदरच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. ते कुठून आलं हे पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल निवाडा करणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडचा माणूस या वादाकडे तालमीच्या नजरेनं पाहतो. जत्रेच्या मैदानात एक नंबरची कुस्ती कुणाची, हे कमिटी आणि वस्ताद मंडळी ठरवतात. लहान कुस्त्यांसाठी पोरं लंगोट लावून आखाड्यात हात वर करत फिरतात. मग एखादा जुना पैलवान दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतो, उंची आणि अंग बघतो आणि जोड लावून देतो. महाराष्ट्र केसरीत तर गटातून जो पुढे येईल त्याच्याशी लढायचं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड, दोघंही आपल्याच जिल्ह्याचे, अंतिम लढतीच्या आधीच समोरासमोर आले. बाहेरची टांग या डावाला दिलेल्या ४ गुणांवरून पुढे किती दिवस वाद झाला, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण कुणी कुणाला टाळलं, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. म्हणायला जागाच नव्हती. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र जोड लावणारा बहुतेक वेळा स्वतः चॅम्पियन असतो, नाहीतर त्याचा प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा.

हा अधिकार सुरुवातीला फार वाईट रीतीनं वापरला गेला. एकोणिसाव्या शतकातला हेवीवेट चॅम्पियन जॉन एल. सलिव्हनने कृष्णवर्णीय बॉक्सरशी लढणार नाही असं उघड सांगितलं आणि पीटर जॅक्सनसारख्या तगड्या माणसाला कधी संधीच मिळाली नाही. कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनला तेव्हाचा चॅम्पियन टॉमी बर्न्सचा पाठलाग करत थेट ऑस्ट्रेलिया गाठावं लागलं. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत त्यानं किताब घेतला, तोही बर्न्सला ३० हजार डॉलर कबूल झाल्यावर. आणि तोच जॉन्सन चॅम्पियन झाल्यावर कृष्णवर्णीय सॅम लँगफर्डला किताबाची लढत देईना. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ किताब बाळगून होता, पण त्या सात वर्षांत कृष्णवर्णीय हॅरी विल्सशी त्याची लढत झाली नाही. यातल्या कितीजणांची नावं आज आपल्या पोरांना माहीत आहेत? ज्यांना संधी नाकारली ते विसरले गेले, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मेवेदरने ज्याचा आकडा ओलांडला तो रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये ४९ पैकी ४९ जिंकून निवृत्त झाला. त्याच्यावरही हाच आक्षेप होता. १९५१ मध्ये त्यानं हरवलेला माजी चॅम्पियन जो लुई ३७ वर्षांचा होता आणि वर्षभरानं हरवलेला वॉलकॉट त्याहूनही थोराड.

पुढे किताब देणाऱ्या संघटना वाढल्या. जुन्या डब्ल्यूबीएच्या जोडीला १९६३ मध्ये डब्ल्यूबीसी, १९८३ मध्ये आयबीएफ, १९८८ मध्ये डब्ल्यूबीओ आली. एकाच वजनगटात चार-चार चॅम्पियन झाल्यावर एकमेकांना टाळणं आणखी सोपं झालं. १९९२ मध्ये हेवीवेट चॅम्पियन रिडिक बोने आव्हान देणाऱ्या लेनॉक्स लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टा पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मेवेदर या सगळ्याचा वारस. २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर भरून त्यानं प्रमोटर बॉब अरमच्या टॉप रँक कंपनीशी असलेला करार तोडला आणि तिथून पुढे सूत्रं स्वतःकडे घेतली. टोपणनाव 'प्रिटी बॉय' होतं, ते 'मनी' झालं. ५ मे २००७ ला ऑस्कर डे ला होयाला त्यानं हरवलं, ती लढत २४ लाखांच्या आसपास घरांनी पैसे भरून पाहिली. त्यानंतरची नावं काढा: हॅटन, मार्केझ, मोस्ली, कोटो, कनेलो. यातलं एकही नाव हलकं नाही. पण वेळ आणि वजन कुणाच्या सोयीचं होतं ते बघा. २००९ मध्ये मार्केझ १३५ पौंडांच्या वजनगटातून वर आला होता. ठरलेलं वजन १४४ पौंड असताना मेवेदर १४६ भरला आणि ६ लाख डॉलर दंड देऊन मोकळा झाला. २०१३ मध्ये २३ वर्षांच्या कनेलोला त्यानं १५२ पौंडांपर्यंत खाली उतरवलं.

पॅकियावची बोलणी २००९ च्या अखेरीस अचानक होणाऱ्या रक्तचाचणीच्या अटीवर फिसकटली. ती अट माझ्या मते रास्त होती आणि पॅकियावनं ती तेव्हाच मान्य करायला हवी होती. पण नंतरची दिरंगाई एकट्या पॅकियावच्या माथी मारता येत नाही. अखेर २ मे २०१५ ला, आपल्याकडे रविवारी सकाळी, ३८ वर्षांचा मेवेदर आणि ३६ वर्षांचा पॅकियाव भिडले. मधल्या काळात मार्केझनं पॅकियावला बेशुद्ध पाडलं होतं. ४६ लाख घरांनी पैसे मोजले आणि बहुतेकांच्या वाट्याला एक संथ लढत आली.

पन्नासावा विजय तर मी धरतच नाही. २०१७ चा कॉनर मॅकग्रेगर त्या दिवशी आयुष्यातली पहिली व्यावसायिक बॉक्सिंग लढत लढत होता. आणि कीर्तीचाच हिशेब मांडायचा, तर घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात २०१२ मध्ये भोगलेला दोन महिन्यांचा तुरुंगवासही त्यात आला पाहिजे. तो वगळून केलेलं कौतुक मला मान्य नाही.

तरीही "निवडून खेळला" हा शेरा पूर्ण कारकिर्दीला लावणारी पोरं २००६ च्या आधीचा मेवेदर बघतच नाहीत. २० जानेवारी २००१ ला त्याच्यासमोर डिएगो कोरालेस होता. ३३ लढती अपराजित, अंगानं मोठा, ठोसा जबरदस्त. मेवेदरनं त्याला पाच वेळा खाली पाडलं. एप्रिल २००२ मध्ये होसे लुईस कास्तियोविरुद्ध निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण ती लढत तो हरला होता असं म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. तेव्हा कास्तियोला टाळणं त्याला सहज जमलं असतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो कास्तियोशी पुन्हा लढला आणि या वेळीही गुणांवर जिंकला.