स्वयंसेवक ते कार्यकर्ता: नागपूरची शंभर वर्षं

जुलैत कॉलेजं भरली की फलकावर एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, नोंदणीची सूचना लागते आणि घरी पहिला प्रश्न निघतो तो वाढीव गुणांचा. दुसरा प्रश्न आई-वडील जरा चाचरत विचारतात: यातून पोरगं पुढे काही होतं का? नागपुरात या दुसऱ्या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. विचारांनी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या कितीतरी चळवळी या शहरात वाढल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी मिसरूड न फुटलेल्या पोरांना हाताशी धरलं. सगळीच पोरं पुढारी झाली नाहीत. ज्यांच्याकडून नुसत्या सतरंज्या उचलून घेतल्या, ती सतरंज्याच उचलत राहिली. ज्यांच्यावर एखादं काम खरोखर सोपवलं, बिघडलं तर जाब विचारण्याइतकं सोपवलं, त्यांच्यातून कार्यकर्ते निघाले.

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं. अध्यक्ष होते विजयराघवाचारियर, आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं ते इथेच. जेमतेम दीड लाख वस्तीच्या गावात १४ हजारांवर प्रतिनिधी उतरले. एवढ्या लोकांची व्यवस्था पाहायला डॉ. ल. वा. परांजपे यांनी स्वयंसेवकांचं पथक उभारलं, डॉ. केशव बळीराम हेडगेवार त्यांच्या बरोबरीने राबत होते. त्या काळच्या अधिवेशनात स्वयंसेवक म्हणजे हरकाम्या. बिनपगारी गडीच म्हणा ना.

तीनच वर्षांत त्याची किंमत वेगळ्या रीतीने कळली. १९२३ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय झेंडा घेऊन गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला सरकारने मनाई केली आणि जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने झेंडा सत्याग्रह सुरू झाला. झेंडा घेऊन तुकडी निघायची, पोलीस धरायचे, मागून दुसरी तुकडी यायची. बाहेरच्या प्रांतांतून लोक येत होते. बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक अखेर सिव्हिल लाइन्समधून गेली. हे सगळं शाळेच्या पुस्तकात थोडंफार असतं. तुरुंगात काय झालं ते सहसा नसतं. हाल सोसवेनात म्हणून बरेच सत्याग्रही माफी लिहून सुटले. हुबळीहून आलेल्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या मुरलेल्या तुकडीने माफी मागितली नाही. उत्साहावर आंदोलन सुरू होतं, पण ते टिकवायला तालीम लागते, हा धडा नागपूरच्या जेलने दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी हर्डीकरांचं हिंदुस्थानी सेवा मंडळ उभं राहिलं; तेच पुढे सेवा दल झालं.

१९२५ च्या विजयादशमीला हेडगेवारांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ काढला. महालातल्या मोहिते वाड्याच्या पडक्या जागेत जमणारी बरीचशी मुलं शाळकरी होती. संघाच्या विचाराबद्दल या शहरात टोकाची मतं आहेत आणि तो वाद इथे सोडवायचा नाही. इथे लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की या मुलांना मिळालेलं पहिलं मोठं सार्वजनिक काम भाषणाचं नव्हतं. एप्रिल १९२६ मध्ये रामटेकच्या रामनवमीच्या यात्रेत त्यांनी रांगा लावल्या, लोकांना पाणी दिलं, गडावरच्या मंदिरातली रेटारेटी आवरली. रामटेकचा गड चढलेल्या कोणालाही विचारा, यात्रेच्या दिवशी तिथे रांग लावणं म्हणजे काय असतं.

गर्दी सांभाळण्याच्या याच शाळेत दुसरी, अगदी वेगळी फळी तयार झाली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने समता सैनिक दल निघालं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित परिषद झाली, तिथे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मुक्कामात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली आणि समता सैनिक दलाचीही. मग १४ ऑक्टोबर १९५६, डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेचा दिवस. लाखो माणसं गावोगावहून येऊन माता कचेरीजवळच्या त्या मैदानावर बसली आणि शांतपणे उठून गेली. त्या शिस्तीमागे दलाचे सैनिक होते, आणि गिरण्यांत आणि विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या घरांतली तरुण पोरं होती.

आजही अशोक विजयादशमीला, म्हणजे त्या दीक्षेच्या स्मरणदिनी, त्याच मैदानाच्या, दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर हे काम पाहता येतं. निळी टोपी घातलेला सतरा वर्षांचा मुलगा दोरी धरून उभा असतो. समोरून बुलढाण्याची, नांदेडची, सोलापूरची माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन येत असतात. एखादी आजी दोरीशी थांबते. तिची मंडळी पुढे गेलेली, हातात फोन नाही, गावाचं नाव सांगते पण तालुका सांगता येत नाही. मुलाने दोरी सोडली तर मागची रांग फुटते. न सोडावी तर आजी तिथेच बसकण मारते. तो पलीकडच्या पोट्ट्याला हाक मारतो, दोरीचं टोक त्याच्या हाती देतो, आजीला माईकच्या मंडपाकडे पाठवायला तिसरा गाठतो. सगळं अर्ध्या मिनिटात. थोडं पुढे अन्नदानाच्या स्टॉलवर दुसरी मुलगी भाताचं पातेलं पाहून ठरवते, की आता वाढप जरा आखडतं घ्यायचं, नाहीतर रात्रीच्या गाड्यांनी येणारे उपाशी राहतील. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात याला निर्णयक्षमता म्हणतात आणि फी घेतात.

शहराच्या या धारेला एक ग्रामीण धार येऊन मिळाली. वर्धा इथून ७५ किलोमीटर. तिथे ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली: मुलांनी हाताने काम करत शिकावं. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भातल्या गावोगावी नेल्या. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, श्रमदान यांची सवय कित्येक घरांत तिथून आली. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचं नाव मिळालं ते उगीच नाही. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, जिथे शहरातली कॉलेजची मुलं मे महिन्याच्या उन्हात कुदळ-फावडं चालवायला जायची. जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने चाललेल्या तरुण शांती सेनेतून मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते आले, ज्यांनी पुढे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेसोबत आयुष्य काढलं. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले आणि नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. अभय बंग यांनी २००६ मध्ये ‘निर्माण’ हा युवकांसाठीचा उपक्रम सुरू केला, तोही याच ओढीतला.

सरकारी बाजूने पाहिलं तर १९४८ मध्ये एनसीसी आली आणि गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ ला राष्ट्रीय सेवा योजना. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. अकरावी-बारावीला ती पुढे १९८० च्या दशकात मिळाली. नियम सोपा: वर्षाला १२० तास असं दोन वर्षं काम, आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं.

या तासांनी एक गंमत केली. तास मोजायचे म्हटलं की वही आली, सही आली, फोटो आला. झाड लावताना पंचवीस जणांचे हात एकाच रोपाला लागलेले फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण त्याच योजनेतलं सात दिवसांचं शिबिर मात्र नीट चाललं तर पोरांना बदलून टाकतं. झेडपीच्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. खरी परीक्षा भोजन समितीची. शंभर जणांना पोहे किती भिजवायचे, आठवडी बाजारातून वांगी घ्यायची की कोबी, उसनं आणलेलं पातेलं कोणाच्या घरचं, आणि शेवटच्या दिवशी पैसे का कमी पडले. ज्या कॉलेजात कार्यक्रम अधिकारी सर हा हिशोब मुलांकडे देऊन बाजूला बसतात, तिथली मुलं सरपंचाशी बोलायला शिकतात, कारण पाण्याचा टँकर त्यालाच मागायचा असतो. जिथे कॅटरर येतो, तिथे तास भरतात. मला विचाराल तर एनएसएसचं निम्मं यश चुलीपाशी ठरतं. वस्तीतल्या गणेश मंडळातही हेच होतं: वर्गणीचं पावतीपुस्तक ज्या पोराच्या हाती येतं, त्याला गल्लीतला प्रत्येक माणूस ओळखू लागतो, आणि गल्लीही त्याला हिशोब विचारू लागते.

एके काळी या मुलांना पुढची पायरी कॉलेजातच मिळायची. कॉम्रेड ए. बी. बर्धन १९४० मध्ये, जेमतेम पंधरा वर्षांचे असताना, विद्यार्थी फेडरेशनमध्ये आले, मग नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये नागपुरातूनच विधानसभेवर गेले. १९७९ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, त्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने चालले. देवेंद्र फडणवीस अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेतून आले, १९९२ मध्ये नगरसेवक आणि १९९७ मध्ये २७ व्या वर्षी महापौर झाले. पक्ष वेगळे, पायऱ्या जवळपास त्याच.

पुढे त्या पायऱ्याच निखळल्या. हिंसाचाराच्या कारणावरून १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं खरं, पण नगरसेवकपदासाठी उभं राहायला २१ पूर्ण लागतात. त्यात नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक लांबून कारभार प्रशासकाकडे गेला. वस्तीतल्या कामाच्या मुलाला नळाची तक्रार घेऊन ज्याच्या दारी जायचं, तो नगरसेवकच नव्हता. राजकारण नको म्हणून सेवेकडे वळवलेली एक पिढी त्यामुळे सेवेतच अडकली, असं मला वाटतं. प्रमाणपत्रांची फाइल जाड, पण वॉर्डाचं बजेट कधी पाहिलेलं नाही.

मुलींचा हिशोब वेगळाच आहे. वर्ध्याला १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली, १९४२ च्या महिला परिषदेचं वर सांगितलंच. तरीही आजच्या शिबिरांत मुलींच्या वाट्याला रांगोळी, स्वागतगीत आणि फलक धरणं येतं. रात्रीचा पहारा आणि बाजारहाट मुलांकडे जातो. कारण सुरक्षिततेचं दिलं जातं. ते अगदी खोटं नाही, पण सोयीचं फार आहे.

या बाबतीत वेगळी वाट दाखवली ती फुटबॉलने. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं पाहिली आणि त्यांच्यासाठी सामने भरवले. २००१ मध्ये स्लम सॉकर उभं राहिलं. इथल्या कामाची मेख खेळात कमी आणि खेळानंतर जास्त आहे. खेळून मोठी झालेली मुलं-मुली धाकट्यांना शिकवायला लागतात. सोळा वर्षांच्या मुलीला वीस पोरांचा गट मिळाला की कोण आलं नाही, का आलं नाही, हे तिला घरी जाऊन विचारावं लागतं. तिथे तिची गाठ दारू पिऊन पडलेल्या बापाशी पडते, लग्न ठरवायला निघालेल्या काकूशी पडते, शाळा सुटल्याचं खरं कारण तिथेच कळतं. २०१६ मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार या संस्थेला मिळाला.

मुलांच्या सहभागाचा अभ्यास करणारे रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं, यांना त्यांनी सहभागच मानलं नाही. वरच्या पायऱ्यांवर मुलं स्वतः काम सुचवतात आणि मोठी माणसं त्यांच्यासोबत निर्णय घेतात. व्हीआयपीच्या स्वागताला उन्हात दोन तास उभ्या केलेल्या शाळकरी रांगा कोणत्या पायरीवर बसतात, ते सांगायला नको.

आता नवी चौकट आली आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला केंद्राने ‘मेरा युवा भारत’ ही १५ ते २९ वयोगटासाठीची व्यवस्था सुरू केली, जिथे स्वयंसेवेची नोंद ऑनलाइन होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला एनएसएस, एनसीसी, क्षेत्रकार्य यांना क्रेडिट मिळू लागलं. पूर्वी हौशीने येणारा विद्यार्थी आता अभ्यासक्रम म्हणून येईल, त्यामुळे संख्या वाढेल आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांवर कागदांचा भारही. दत्तक गावं मात्र तीच राहतील, आणि तिथले सरपंच दर हिवाळ्यात येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी विचारतील, की मागच्या वर्षी बांधलेल्या शोषखड्ड्याचं पुढे काय केलं.