अध्ययन-स्वावलंबन
शिक्षणशास्त्रातील एक संकल्पना. काही विद्यार्थ्यांना पाठ्यविषय इयत्तेच्या बरोबरीने किंवा त्याहून पुढचा समजतो. पण कामाची आखणी, वेळेचे भान, साहित्याची जुळवाजुळव आणि अडल्यावर मदत मागणे यांसाठी ते मोठ्यांवर विसंबून असतात. असा आधार टप्प्याटप्प्याने कमी करत ही कामे विद्यार्थ्याकडेच सोपविणे, हा तिचा आशय. स्वमग्नता, अवधान-न्यूनता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या हुशार मुलांच्या शालेय कार्यक्रमांत ती विशेषेकरून आढळते.

तिचा उगम सामान्यतः रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या निकट विकासक्षेत्राच्या (मूल एकटे जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते यांतील अंतर) सिद्धांताशी जोडला जातो. हे तितकेसे सरळ नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर व गेल रॉस यांचा १९७६ मधील लेख या विषयाचा मूळ आधार मानतात. त्यात तीन ते पाच वर्षांची मुले २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत असताना त्यांना मदत कशी दिली गेली, याचे वर्णन आहे. या लेखात व्हायगॉट्स्कींचा उल्लेखच नाही. हा लेख व व्हायगॉट्स्कींचा सिद्धांत यांची सांगड शिक्षण-संशोधक कोर्टनी कॅझडन यांनी १९७९ च्या सुमारास घातली, असे दिसते. उलटपक्षी, व्हायगॉट्स्कींच्या ग्रंथाच्या १९६२ च्या इंग्रजी भाषांतराला ब्रूनर यांचीच प्रस्तावना होती. तेव्हा प्रभाव अप्रत्यक्षपणे पोहोचला असावा, असे काही अभ्यासक मानतात. मदतीच्या ज्या सहा अंगांची नोंद १९७६ च्या लेखात आहे, त्यांपैकी ‘मुक्ततेच्या मात्रा घटविणे’ (एका वेळी हाताळायच्या गोष्टी कमी करून काम सोपे करणे) हे अंग हालचालींचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ निकोलाय बर्न्स्टाइन यांच्या परिभाषेतले आहे. त्यामुळे एकाच जनकाचा शोध घेण्यापेक्षा रशियन परंपरेचे एकाहून अधिक धागे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अध्यापनाची जबाबदारी शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे क्रमाने सरकविण्याची मांडणी पीअर्सन व गॅलघर यांनी १९८३ मध्ये केली. ती मुळात वाचन-आकलनापुरती होती.

प्रत्यक्षात आधार काढून घेण्याचे टप्पे अगदी बारीक असतात. सुरुवातीला साहाय्यक शिक्षक गृहपाठ दैनंदिनीत उतरवून देतो. मग विद्यार्थी लिहितो आणि शिक्षक शाळा सुटताना नजर टाकतो. पुढे ही तपासणी आठवड्यातून एकदाच होते. तोंडी सूचनेची जागा खुणेने आणि खुणेची जागा विद्यार्थ्याने स्वतः टिक करायच्या यादीने घेतली जाते. चूक झाली की मदत एक पायरी वाढवायची, जमले की एक पायरी उतरायची, हा नियम वुड यांच्याच प्रयोगांतून आलेला आहे. इयत्ता किंवा शाळा बदलली की काढलेला आधार काही काळ परत द्यावा लागतो. याला अपयश समजत नाहीत.

अतिरिक्त आधाराचे तोटे स्वतंत्रपणे नोंदले गेले आहेत. शिक्षण-संशोधक जियानग्रेको व सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात साहाय्यक सतत शेजारी बसल्याने विद्यार्थी वर्गशिक्षकापासून व सवंगड्यांपासून दुरावत असल्याचे आढळले. नवख्याला उपयोगी पडणारे तपशीलवार मार्गदर्शन जाणकाराला अडथळा ठरते, असे काल्युगा, स्वेलर आदी संशोधकांनी २००३ मध्ये मांडले. विषय आधीच येणाऱ्या मुलांबाबत हा मुद्दा मोलाचा आहे: त्यांना गणिताची पायरीन् पायरी समजावण्याची नव्हे, तर वही वेळेवर उघडण्यासाठी आधाराची गरज असते.

विद्यार्थ्याला स्वतःच्या आखणीत सामील करून घेण्याची तरतूद कायद्यातही आढळते: अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण-योजनेत सोळाव्या वर्षापर्यंत शाळेनंतरच्या जीवनाची उद्दिष्टे यावी लागतात आणि त्या चर्चेच्या बैठकीस विद्यार्थ्यालाही बोलवावे लागते.