नंबरवाली की बिननंबरची? कमी उंचीच्या नव्या चालकासाठी डर्ट बाईक

उंचावर बसवलेलं मडगार्ड, खोल नक्षीचे टायर, पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं, सीट अरुंद. यवतमाळ-अमरावतीकडे अशी गाडी दिसली की पोट्टे तिला ‘डर्ट बाईक’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात यात दोन वेगळ्या जाती आहेत. लांबून सारख्याच दिसतात, पण एक आरटीओत पास होते आणि दुसरी होत नाही. उंची पाच-सव्वापाच फूट आणि हात अजून बसलेला नाही, अशा माणसाने हा फरक समजून न घेता पैसे भरले तर गाडी गोठ्यातच उभी राहते.

पहिली जात निव्वळ मैदानी. कावासाकीची केएलएक्स ११० किंवा केएलएक्स १४० जी घ्या. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, नंबर प्लेट नाही. वजन मात्र असं, की पडली तर उचलताना कोणाला हाक मारावी लागत नाही. ११० भरते ७६ किलो आणि १४० जी ९९ किलो. या गाड्या शर्यतीच्या मैदानासाठी आणि खासगी जागेसाठी आहेत. स्वतःच्या वावरात फिरवा, कोणी अडवत नाही.

वावरापर्यंत ती न्यायची कशी, हा खरा घोळ. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. ‘पांदणीवर कोण पोलिस येते बाप्पा’ असं म्हणणारे भेटतात. पण ज्या वाटेवर लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे, ती कायद्याने सार्वजनिक जागाच, डांबर असो वा नसो. म्हणजे पांदणही त्यात आली. पोलिस येवो न येवो, पांदणीत समोरून बैलजोडी किंवा शाळेची पोरं आली आणि कोणाला लागलं, तर अशा गाडीला विमा नसतो आणि भरपाई स्वतःच्या खिशातून जाते. घर आणि वावर यांच्यामध्ये सरकारी रस्ता असेल तर गाडी ‘छोटा हत्ती’ टेम्पोत टाकूनच न्यावी लागते. दर वेळी.

दुसरी जात दोन्हीकडे चालणारी. हीरोची एक्सपल्स हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांचं चाक, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर), आणि सोबत पासिंग, विमा, दिवे, मागे बसायला जागा. आठवडी बाजाराला न्या, कचेरीत न्या, संध्याकाळी नाल्यात घाला. ही सोय फुकट मिळत नाही, ती वजनात मोजावी लागते. एक्सपल्स २०० ४व्ही साधारण १५८ किलोची आहे.

नावावर जाऊ नका. कावासाकीची केएलएक्स २३० रस्त्यावर चालते, पण तिचीच बहीण केएलएक्स २३०आर एस चालत नाही. शोरूममध्ये पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती’ हा नसावा, ‘पासिंग होते का’ हा असावा.

आता उंची. कमी उंचीचा माणूस माहितीपत्रकात आधी सीटच्या उंचीचा आकडा शोधतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे घरोघरी असलेली स्प्लेंडर मोजमापाला घेऊ. तिची सीट ७८५ मिलिमीटर आणि वजन ११२ किलो. एक्सपल्स २०० ४व्हीची सीट ८२५, म्हणजे चार सेंटिमीटर वर. केएलएक्स १४० जीची ८६०. नुसता आकडा पाहिला तर १४० जी सगळ्यात अवघड वाटते. पण नव्या माणसाला तीच सोपी जाते, कारण तोल गेला तरी ९९ किलो एका पायावर सावरता येतात. १५८ किलो एका ठरावीक कोनापलीकडे कलले की सावरायची गोष्टच संपते, मग पाय पुरलेला असो वा नसो.

आकड्यात आणखी एक मेख आहे. ती उंची मोजलेली असते गाडीवर कोणी बसलेलं नसताना. माणूस बसला की शॉकअप दबतो आणि सीट खाली येते. मातीवरच्या गाडीत ही दबण साधारणपणे शॉकअपच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश धरतात. एक्सपल्स ४व्हीचा मागचा शॉकअप १७० मिलिमीटर हलतो, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर आपोआप कमी होतात. मात्र हा हिशेब मध्यम वजनाच्या माणसाचा. उंची कमी असलेल्यांचं वजनही बरेचदा पन्नास किलोच्या आसपास असतं. तेवढ्याने स्प्रिंग पुरती दबत नाही आणि कागदावरची उंची जवळपास तशीच अंगावर येते. म्हणून ‘माझ्या भावाचे पाय टेकतात, तो तर माझ्याच उंचीचा’ ही तुलना कामाची नाही, भावाचं वजनही विचारा. त्यात सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्च होते. माहितीपत्रकात हे काही लिहिलेलं नसतं. गाडीवर बसूनच कळतं, आणि तेही ज्या बुटांनी चालवणार ते घालून.

‘एक पाय टेकला म्हणजे झालं’ हा सल्ला जुने चालक देतात. त्यांच्यासाठी तो खरा आहे. थांबताना ढुंगण थोडं डावीकडे सरकवायचं, डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. पक्क्या रस्त्यावर हे आठवड्याभरात जमतं. आपल्या पांदणीत मात्र पाय टाकायचा तिथे जमीन असेलच असं नाही. बैलगाडी आणि ट्रॅक्टरने दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे गवताची उंच पट्टी. नवा माणूस हमखास मधल्या पट्टीवरून जातो, कारण ती सपाट दिसते. थांबायची वेळ आली की पाय चाकोरीत जातो, म्हणजे वीतभर आणखी खाली, आणि गाडी त्याच बाजूला आडवी होते. उलट करा. चाक चाकोरीत ठेवा. गाडी खाली जाते, दोन्ही बाजूंची जमीन पायाजवळ येते आणि आहे त्या पायात काम भागतं. थांबायचं ते चाकोरी कोरडी असेल तिथे. पावसाळ्यात काळ्या मातीने भरलेल्या चाकोरीत दोन्ही जातीच्या गाड्या सारख्याच फसतात. दिलासा एवढाच की दोघींचंही पुढचं मडगार्ड चाकापासून वर असतं, त्यामुळे माती त्यात गच्च बसून चाक सहसा जाम होत नाही. स्प्लेंडरवाल्यांना मडगार्डमध्ये काडी घालून माती काढण्याचं दुःख वेगळं सांगायला नको.

एक्सपल्सला ‘प्रो’ नावाचा भाऊ आहे, त्याच्यापासून कमी उंचीच्या नव्या माणसाने लांब राहावं. त्याची सीट ८९१ मिलिमीटर. उड्या मारणाऱ्यांसाठी शॉकअप लांब केलेले आहेत. जुनी गाडी घेत असाल तर आधी विचारा की ती प्रो आहे का किंवा तिला रॅली किट, म्हणजे गाडी उंच करणारे लांब शॉकअप, बसवलंय का. किटवाली गाडी फोटोत भारी दिसते आणि दारात आली की चढायला धुरा (शेताचा बांध) शोधावा लागतो.

साधी एक्सपल्सही उंच वाटली तर ती खाली करता येते, पण क्रमाने. आधी सीटचा फोम. सीट कव्हर बनवणाऱ्याकडे बसून, मांडी जिथे घासते तिथे खडूने खूण करून द्यायची आणि पुढच्या भागाच्या कडा तासून घ्यायच्या. वरून सरसकट कापू देऊ नका, नाहीतर तासाभरात खालची पाटी टोचायला लागते. तेवढ्याने भागतं अनेकांचं. नाहीच भागलं तर मागच्या शॉकअपची जोडपट्टी बदलतात आणि पुढचे पाइप क्लॅम्पमध्ये थोडे वर सरकवतात. एकच बाजू उतरवली तर हँडलचा स्वभाव बदलतो, म्हणून हे काम दोन्हीकडे आणि अनुभवी मिस्त्रीकडूनच. गाडी तीन सेंटिमीटर उतरवली तर ग्राउंड क्लिअरन्स २२० वरून १९० वर येतो. स्प्लेंडरचा १६५ आहे, त्यामुळे शेतीच्या वाटेला १९० पुष्कळ झाला. एक गोष्ट मिस्त्रीही विसरतात, साइड स्टँड. गाडी खाली आली पण स्टँड तेवढाच राहिला तर ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने दुसऱ्या बाजूला लवंडते. स्टँड तेवढाच कापून पुन्हा वेल्ड करून घ्या, आणि काळ्या मातीत उभी करताना त्याखाली चपटा दगड ठेवा.

मग घ्यायचं काय? घराला लागूनच पडीक जमीन असेल, रोजची गाडी वेगळी असेल आणि शिकणं एवढाच हेतू असेल, तर मैदानी गाडीसारखी शिक्षिका नाही. पाच फुटांच्या आतल्यांनी केएलएक्स ११० बघावी. सीट ६८० मिलिमीटर, चार गिअर, आणि क्लचचा दांडा नसल्याने गाडी बंद पडण्याची भीती नाही. दिसते लहान मुलाची, पण हलकी मोठी माणसंही तिच्यावर शिकतात. मात्र या गाड्या महाग, आणि सुटे भाग मोठ्या शहरातूनच मागवायचे. ज्याला एकच गाडी परवडते, त्याने हा विचार मनातून काढावा. माझं मत विचाराल तर विदर्भातल्या खेड्यात दहापैकी नऊ जणांना साधी, शक्यतो जुनी एक्सपल्सच पुरते. आधी महिनाभर घरच्या स्प्लेंडरवर मुरमाच्या रस्त्याने फूटरेस्टवर उभं राहून चालवायला शिका, तोल तिथेच येतो. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हातात मात्र रस्त्यावर यातलं काहीच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मेळघाटातली जंगलवाट ही कुठल्याच जातीच्या गाडीसाठी मोकळी नाही.

सरावाचं वावर निवडताना पऱ्हाटी (कपाशी) आणि तुरीचं टाळा. उपटून न काढता कापलेल्या पऱ्हाटीचे खुंट तिरपे आणि टोकदार राहतात, ट्रॅक्टरच्या टायरला सोडत नाहीत. चणा किंवा सोयाबीन निघालेलं वावर बरं. तारांच्या चाकात ट्यूब असते आणि गावच्या पंक्चरवाल्याकडे १८ इंची मिळते, २१ इंची सहसा नाही. म्हणून सीटखाली किंवा पिशवीत २१ इंचीच ठेवा. अडचणीत ती मागच्या १८ च्या चाकात घडी पडू न देता बसवून, सावकाश घरापर्यंत येता येतं.