विरळ हवा, व्यायाम आणि रक्तातली साखर

उंचावर शरीर का थकते, याचे ठोस उत्तर १८७८ मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी दिले. हवेचा दाब घटला की ऑक्सिजन कमी पडतो आणि त्रास त्यामुळेच होतो. १८९० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिओ यांना पेरूतील मोरोकोचा या खाणवस्तीत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढलेल्या आढळल्या. पुढची कित्येक दशके संशोधन रक्त आणि श्वास यांभोवतीच फिरले. आधी प्रश्न तगून राहण्याचा होता. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत, सुमारे २,२४० मीटरवर ऑलिंपिक भरले तेव्हा तो पदकांचाही झाला. मधुमेहाशी या हवेचा काही संबंध असेल, हे फारसे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

उलट १९८५ च्या ‘ऑपरेशन एव्हरेस्ट २’ने धोक्याची बाजू दाखवली. हवेचा दाब कमी करता येणाऱ्या बंद खोलीत, म्हणजे दाबकक्षात, चाळीस दिवसांत हळूहळू एव्हरेस्टइतकी विरळ हवा केली गेली. खायला भरपूर असूनही सहभागींचे वजन सरासरी सात किलोंहून अधिक घटले आणि त्यात स्नायूही झिजले. असली घट म्हणजे आरोग्य नव्हे, हे ठामपणे सांगायला हवे.

खरे वळण १९९१ मध्ये आले. उंदरांच्या स्नायूंना ऑक्सिजन कमी मिळाला की ते रक्तातले ग्लुकोज, म्हणजे साखर, जास्त ओढून घेतात, असे दिसले. आकुंचन पावणारा स्नायूही तेच करतो, आणि त्यासाठी त्याला इन्सुलिन या साखर पेशींत नेणाऱ्या संप्रेरकाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. मधुमेहात अनेकदा होते तसे इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या शरीरासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

त्यानंतर रुग्णांकडे लक्ष गेले, तेही मध्यम उंचीवर. २००० मध्ये ऑस्ट्रियात चयापचयाचे विकार असलेले पुरुष सुमारे १,७०० मीटरवर तीन आठवडे राहून डोंगरवाटा चालले. वजन आणि रक्तदाब उतरला, पण श्रेय उंचीचे की चालण्याचे? जर्मनीतील झुगश्पिट्झ पर्वतावर, २,६५० मीटरवर, स्थूल पुरुषांना जादा व्यायाम न देता आठवडाभर ठेवले. भूक मंदावली आणि वजन उतरले. म्हणजे उंचीचा स्वतःचा काही वाटा आहे. मात्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १,९०० आणि ३०० मीटरवरच्या दोन आठवड्यांच्या पदभ्रमंतीची तुलना झाली, तेव्हा साखर आणि चरबीच्या चाचण्यांत दोन गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही.