ग्रॅन टुरिस्मो : आवडत्या आणि नावडत्या शर्यती

ग्रॅन टुरिस्मो ही सोनीच्या प्लेस्टेशनवर खेळली जाणारी मोटार-शर्यतींच्या व्हिडिओ गेमची मालिका. काझुनोरी यामाउची यांच्या जपानी चमूने (पुढे त्याचाच पॉलिफोनी डिजिटल हा स्टुडिओ झाला) तिचा पहिला भाग डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आणला. सातवा मार्च २०२२ मध्ये आला. गाडीचं वजन, टायरची पकड, ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांवर येणारा भार यांचा हिशोब खेळात सतत चालू असतो, म्हणून हिला ड्रायव्हिंग सिम्युलेशन म्हणतात. प्रत्येक भागात शर्यतींची भलीमोठी यादी असते. सगळ्या जिंकायच्या तर नकोशा शर्यतीही पळाव्या लागतात, आणि त्यातूनच ही खेळणारे एकत्र जमले की हमखास रंगणारा वाद जन्मतो : कुठली शर्यत लाडकी, कुठली डोक्यात जाते? मुंबई आणि आसपासच्या मराठी खेळाडूंमध्ये या वादाला आणखी काही फाटे फुटले आहेत.

वरवर बघता भांडण ट्रॅकवरून असतं. नीट ऐकलं तर दोनच प्रश्न निघतात. निकाल आपल्या हातात होता का? आणि घालवलेल्या वेळाच्या बदल्यात खेळाने काय दिलं? टीव्ही एक आणि बघणारे चार अशा घरांत दुसरा प्रश्न जास्त बोचतो.

हळू गाड्यांच्या शर्यती

मालिकेची मूळ मांडणी सोपी आहे. पहिल्या भागात खेळ १०,००० क्रेडिट (खेळातले पैसे) हातात ठेवतो. त्यात जुनी गाडी घ्यायची, 'संडे कप'सारखी नवशिक्यांची शर्यत मारायची, मिळालेल्या पैशांतून टायर आणि एक्झॉस्ट बदलायचे, मग वरच्या शर्यतीत उतरायचं. शेकडो हॉर्सपॉवरच्या गाड्या गॅरेजमध्ये उभ्या असतानाही जुने खेळाडू आवडत्या शर्यतींत याच पायरीवरच्या शर्यतींची नावं घेतात. यात नुसतं स्मरणरंजन नाही. गाडी हळू असली की चूक दिसते, सावरता येते, आणि पुढच्याला गाठायचं तर वळणावर काहीतरी करून दाखवावंच लागतं.

यातल्या विशेष लाडक्या म्हणजे केई वर्गाच्या शर्यती. या जपानी छोट्या गाड्यांना इंजिनाची मर्यादा ६६० सीसी आणि ताकदीची ६४ हॉर्सपॉवर. दुसऱ्या आणि चौथ्या भागात सुझुकीची ऑल्टो वर्क्स आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑल्टो बघतच लहान झालेल्या पोरांना ती पडद्यावर जपानमधल्या त्सुकुबाच्या दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर पळताना पाहून वेगळीच मजा वाटे. आपल्याकडच्या ऑल्टोचं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे मोठं, पण त्याला टर्बो नव्हता, वर्क्सला होता. सातव्या भागात पहिली गाडी निवडताना समोर येणारी होंडा फिटही अशीच ओळखीची निघते, कारण आपण तिला जॅझ म्हणतो.

नॉर्डश्लायफे : दोन्ही याद्यांत

जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा हा उत्तरेकडचा मोठा वळसा १९२७ मध्ये सुरू झाला. लांबी २०.८३२ किलोमीटर, वळणं सत्तरच्या वर. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर जॅकी स्ट्युअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं होतं. १९७६ मध्ये तिथलाच दुसरा ड्रायव्हर निकी लाउडा इथे जळत्या गाडीत सापडला आणि त्यानंतर फॉर्म्युला वन या वळशावर परतलं नाही. ग्रॅन टुरिस्मोत तो चौथ्या भागापासून आहे. हा भाग जपानात डिसेंबर २००४ मध्ये आला, आणि त्यानंतर आवडत्या-नावडत्याची कुठलीही चर्चा या ट्रॅकवाचून पुरी झालेली नाही.

चौथ्या भागातल्या ३४ ड्रायव्हिंग मिशनांपैकी शेवटचं इथेच आहे. हाताखाली मर्सिडीज एसएल ६५ एएमजी, म्हणजे बारा सिलिंडरची, दोन टर्बोंची, जवळपास दोन टनांची गाडी. समोर मर्सिडीजच्याच वेगवेगळ्या काळातल्या गाड्या तुमच्या आधी सुटलेल्या. एका फेरीत त्या सगळ्यांना मागे टाकायचं. कुणाला धक्का लागला की पाच सेकंदांचा दंड. त्या पाच सेकंदांत गाडी ताशी ५० किलोमीटरवर रांगते आणि एवढा वेळ कमावलेलं सगळं डोळ्यांदेखत निघून जातं. वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला तर मागची चाकं फिरतात, गाडी आडवी होते. शेवटी डॉटिंगर ह्योहेचा दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. पुढची गाडी टप्प्यात आहे की नाही हे तिथे एकदाचं कळतं, आणि एकवीस इंची जुन्या टीव्हीवर तर ती बराच वेळ नुसता ठिपकाच असते. हरलात की पुन्हा पहिल्यापासून.

हे मिशन नावडत्यांच्या यादीत वर असतं, ते पुरं केलेल्यांच्या आवडत्या यादीतही वर असतं, आणि दोन्ही मतं बरोबर आहेत. इथे निकाल पूर्णपणे चालवणाऱ्याच्या हातात असतो. किंमत तेवढी जबर आहे. पाचव्या भागातली (२०१०) रेड बुल एक्स२०१० ही रेसिंग कार घेऊन फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर सेबास्टियन व्हेटेलच्या वेळा गाठण्याची आव्हानं याच जातीची.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे पाचव्या भागातली फोक्सवॅगनच्या जुन्या सांबाबसची शर्यत. टॉप गियर या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमाच्या ट्रॅकवर सगळ्यांना तीच डुलणारी बस मिळते, आणि कुणाला स्पर्श झाला किंवा गाडी ट्रॅकबाहेर गेली की शर्यत बाद. मागून दुसऱ्याने येऊन धडक दिली तरी बाद तुम्हीच. त्या काळात संगणकाच्या गाड्या ठरल्या रेषेवरून जात आणि समोर कोण आहे याची त्यांना फारशी फिकीर नसे. असं असताना हा नियम लावणं हा निव्वळ अन्याय होता.

चौथ्या भागातले कोस्टा दी आमाल्फी, सित्ता दी आरिया यांच्यासारखे अरुंद गावठाणी ट्रॅक अनेकांना नकोसे वाटतात. गिरगावातल्या एखाद्या वाडीत टेम्पो घातल्यासारखी अवस्था होते : पुढे जाता येत नाही, ओव्हरटेकचा तर विषयच नको.

चोवीस तासांची शर्यत आणि घरातला टीव्ही

लांब पल्ल्याच्या शर्यती मालिकेत पहिल्या भागापासून आहेत. ग्रँड व्हॅली ट्रॅकवरची ३०० किलोमीटरची, ६० फेऱ्यांची शर्यत त्यात होती. चौथ्या भागात हे चोवीस तासांवर गेलं. खऱ्या घड्याळाचे चोवीस तास. मध्येच सेव्ह करायची सोय नाही. 'बी-स्पेक' नावाच्या पद्धतीत गाडी संगणकाच्या ड्रायव्हरकडे देऊन आपण हळू जा, जोरात जा, पिटमध्ये (टायर-इंधनासाठीच्या थांब्यावर) ये एवढ्याच सूचना द्यायच्या, आणि वेळही वेगाने पुढे ढकलता येई. तरीही प्लेस्टेशन कित्येक तास चालूच ठेवावं लागे.

मुंबई शहरात वीज सहसा जात नसे. मुलुंड, ठाणे, डोंबिवली या पट्ट्यात मात्र २००० नंतरच्या दशकात भारनियमनाचे दिवस होते. तिथल्या खेळाडूच्या नावडत्या यादीत चोवीस तासांची शर्यत वर का असे, हे वेगळं सांगायला नको. वीज टिकली तरी टीव्हीचा प्रश्न उरायचाच. त्यावर तोडगा असा : गेम पॉझ करायचा, टीव्ही एव्हीवरून (प्लेस्टेशन जोडलेल्या इनपुटवरून) केबलवर आणायचा, घरच्यांना मालिका बघू द्यायची आणि जेवणं आटोपल्यावर परत एव्हीवर यायचं. तोवर प्लेस्टेशन टेबलाखाली गरम होत पडलेलं; कुणी त्याच्याकडे टेबलफॅन फिरवून ठेवी. पिटमध्ये थांबून शर्यत सेव्ह करायची सोय पाचव्या भागात २०११ च्या सुधारणेनंतर मिळाली.

अंडाकृती ट्रॅकवरच्या लांब शर्यतींबद्दल तर नावडण्यावर जवळजवळ एकमतच आहे. जॉयपॅडच्या बटणांना रबरबँड लावून गाडी भिंतीला घासत रात्रभर फिरत ठेवायची आणि सकाळी बक्षीस घ्यायचं, ही युक्ती जगभर चालली, इथेही चालली. ज्या शर्यतीत रबरबँड जिंकतो तिला शर्यत म्हणायचं का, हा वाद जुनाच आहे.

त्या काळात सीडी आणि मेमरी कार्डांसाठी लॅमिंग्टन रोडला (डॉ. भडकमकर मार्ग) फेरी होई. तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग पार्लरमध्ये कुस्ती, फुटबॉल आणि मारामारीच्या गेमनाच गर्दी असायची. ग्रॅन टुरिस्मो मागणारे थोडे. तेही पडदा दोन भागांत करून हाय-स्पीड रिंगसारख्या सोप्या, रुंद ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या मारत. तासाचे पैसे मोजणारा लायसन्स टेस्ट (वरच्या शर्यती खुल्या करणाऱ्या खेळातल्या परीक्षा) देत बसत नाही. घरी खेळणाऱ्याच्या आणि पार्लरमध्ये खेळणाऱ्याच्या आवडी कुठे वेगळ्या झाल्या, त्याचं हे एक कारण.

सातवा भाग : पैशांचा हिशोब

सातव्या भागात आवडीनिवडीचा निकष बराचसा क्रेडिटवर आला. मार्च २०२२ मध्ये एका सुधारणेने अनेक शर्यतींची बक्षिसं कमी केली, त्याच सुमारास सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले. या भागात प्रगती सेव्ह व्हायला इंटरनेट लागतं, त्यामुळे एकट्याने खेळणारेही अडकले. यामाउची यांनी जाहीर माफी मागितली, खेळाडूंना १० लाख क्रेडिट दिले आणि एप्रिलमध्ये बक्षिसं वाढवली. एक-एक तासाच्या सहनशक्ती-शर्यतीही तेव्हाच आल्या. प्रत्येकीचं बक्षीस १२ लाख.

तेव्हापासून सार्डिनिया, टोकियो एक्सप्रेसवे आणि ल मान्स ही तीन ट्रॅकांची नावं सगळ्यांच्या तोंडी झाली. महागडी गाडी घ्यायची असेल तर याच शर्यती पुन्हा पुन्हा पळायच्या. टोकियोत दोन्ही बाजूंना भिंती आणि कुठेच धक्का न लागल्यास मिळणारा बोनस, म्हणजे हात आखडूनच चालवायचं. इंधन वाचवायला लवकर गियर बदलत राहिलं की पिटची फेरीही टळते. ल मान्सची अर्ध्या तासाची शर्यत मात्र पैशांसाठी सुरू केली तरी रंगते, कारण पावसाचा भरवसा नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या रडारवर ढग सरकताना दिसतात आणि इंटरमीडिएट (हलक्या पावसाचे) टायर आत्ताच घ्यायचे की आणखी एक फेरी कोरड्या टायरवर काढायची, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. फेरी साडेतेरा किलोमीटरच्या वर, त्यामुळे अंदाज चुकला तर भिजत बरंच लांब जावं लागतं. कुलाबा वेधशाळेच्या अंदाजावर छत्री घरी ठेवायची सवय असलेल्यांना हे रडार जरा जास्तच प्रामाणिक वाटतं.

शर्यत निवडण्यावर आणखी एका छोट्या नियमाचा परिणाम होतो. दिवसात ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनचं अंतर, गाडी चालवली की बक्षिसाच्या चक्राचं एक तिकीट मिळतं. नॉर्डश्लायफेच्या दोन फेऱ्या केल्या की भरतात ४१.६६४. अर्ध्या किलोमीटरसाठी तिसरी फेरी सुरू करावी लागते. बेल्जियमच्या स्पा-फ्राँकोरशाँ ट्रॅकच्या सहा फेऱ्यांतही पावणेदोनशे मीटर कमीच पडतात.

सगळ्यात मोठी तक्रार शर्यतीच्या सुरुवातीची आहे. बहुतेक शर्यतींत गाड्या आधीच पळत असतात, तुम्ही शेवटी, आणि पहिला कितीतरी पुढे. त्यामुळे शर्यत लागत नाही, पाठलाग लागतो : मधल्या गाड्या बाजूला सारत जायचं आणि शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत पहिल्याला गाठायचं. गाडी पुरेशी जोरकस असेल तर गाठता येतंच, नसेल तर नाहीच. चालवणाऱ्याचं कौशल्य मधल्यामध्ये राहून जातं. सोनीच्या सोफी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ड्रायव्हरबरोबरच्या शर्यती २०२३ मध्ये खेळात आल्या, त्या अनेकांना भावल्या त्या याच्या पार्श्वभूमीवर. सोफी बाजूला जागा सोडते, आतून शिरते, चुकलात तर लगेच पुढे जाते.

ऑनलाइन शर्यतींत शेजारी खरी माणसं असतात. तिथे खेळाडूच्या वेगाला एक श्रेणी आणि वागणुकीला दुसरी. पहिल्या वळणावर कुणी ब्रेकऐवजी तुमच्या बंपरचा आधार घेतला की आवडती शर्यत नावडती व्हायला तेवढं पुरतं.

जॉयपॅड की व्हील

स्टीअरिंग व्हील लावलं की यादी पुन्हा बदलते. चौथ्या भागासाठी लॉजिटेकने ९०० अंश फिरणारं ड्रायव्हिंग फोर्स प्रो काढलं होतं. व्हीलवर अमेरिकेतल्या लागुना सेका ट्रॅकचं कॉर्कस्क्रू (उतारावरची ती डावी-उजवी वळणं) किंवा ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या डोंगरमाथ्याची शर्यत हातांना जाणवते; जॉयपॅडवर ती नुसती दिसते. मातीवरच्या शर्यती मात्र बऱ्याच जणांना जॉयपॅडवरच बऱ्या वाटतात. व्हील अभ्यासाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळायचं, पेडल गुळगुळीत लाद्यांवरून मागे सरकू नयेत म्हणून भिंतीला टेकवायचे, आणि खेळ झाला की सगळं काढून कॉटखाली सारायचं. एवढा खटाटोप करून बसलेला माणूस पाच मिनिटांच्या संडे कपवर समाधान मानत नाही. तो तासाभराचीच शर्यत लावतो.

निसान आणि सोनीची जीटी अकादमी २००८ मध्ये सुरू झाली. गेममधल्या वेळांवरून खऱ्या रेसिंग ड्रायव्हरांची निवड करणारी ही स्पर्धा स्पेनच्या लुकास ओर्दोन्येझने पहिल्यांदा जिंकली, आणि २०१४ च्या तिच्या आंतरराष्ट्रीय फेरीत भारतालाही जागा मिळाली. तिथली ऑनलाइन चाळणी टाइम ट्रायलची होती : ट्रॅकवर प्रतिस्पर्धी कुणीच नाही, फक्त घड्याळ. एरवी कंटाळवाणा म्हणून टाळला जाणारा हा प्रकार त्यामुळे काही जणांनी मन लावून खेळला, आणि पुढेही सोडला नाही.